दहा वर्षांत कुणी नेलं नाही म्हणून

गेल्या सोमवारी मी लायब्ररीत भांडले. शहात्तराव्या वर्षी, भर काउंटरवर, शुद्ध जर्मनमध्ये...

ज्या विद्यापीठात मी डच आणि तिच्यातूनच निघालेल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेचं साहित्य शिकवलं, तिथलीच ही लायब्ररी. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या माझ्या घरापासून ट्रेनने तासभर. मी रिटायर झाले त्याला अकरा वर्षं झाली, माझ्या जागी कुणाला घेतलंच नाही.

काउंटरवरच्या बाईंनी गोड हसून एक यादी पुढे केली. दहा वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही, ते शुक्रवारी रद्दीच्या कंटेनरमध्ये. यादीत आफ्रिकान्सचे चारही कप्पे होते... आणि तळाशी माझा पीएचडीचा प्रबंध.

यात माझाही दोष. माझ्या प्रती घरी, म्हणून मीही कधी काही नेलं नाही.

नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गात फार बोलते म्हणून बेल्जियमहून आलेल्या, डच बोलणाऱ्या एका फ्लेमिश सिस्टरने मला डच कविता पाठ करायला लावल्या. त्या शिक्षेचाच मी पोटापाण्याचा धंदा केला. तेव्हापासून ऐकतेय, याचा उपयोग काय? वडिलांनी विचारलं, सासूबाईंनी विचारलं, आता लायब्ररीनेही!

"शुक्रवारच्या आत कुणी नेलं तर?" भांडून झाल्यावर मी विचारलं.

"आल्झो... म्हणजे, मग राहील. नियम आहे."

झालं! तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं, लायब्ररी कार्ड आणि रिकामी बॅग घेऊन बुधवारी या. अकरा जण आले. मेकॅनिकल, केमिस्ट्री, कुणी बॅटरीवर रिसर्च करणारे.

"काकू, यातलं आम्हाला ओ की ठो कळणार नाही हं," त्यातला एक म्हणाला.

"कळायला हवं असा नियम नाही. न्यायला हवं, असा आहे. उचल!"

कप्पे रिकामे होत गेले. काउंटरवरच्या बाई एकेक पुस्तक स्कॅन करत होत्या, हसू मावळलं होतं. माझा प्रबंध तेवढा मी कुणाच्या हातात दिला नाही. स्वतःच्या पुस्तकाला गिऱ्हाईक शोधायचं? मेले तरी नाही.

शेवटी केमिस्ट्रीची ऋचा तो घेऊन आली. "काकू, हे राहिलं."

"राहिलं नाही, मी ठेवलं."

"का? हे तर जर्मनमध्ये आहे, हे एकच मला वाचता येईल!" आणि तिने तो सरळ काउंटरवर ठेवला. मी चष्मा पुसत बसले... काच फार खराब झाली होती.

काल तिचा मेसेज आला. "काकू, पान चाळीसवर तुमचं म्हणणं मला पटलं नाही. रविवारी येऊ का?"

अकरा वर्षांनी कुणीतरी माझ्याशी माझ्या विषयावर भांडायला येतंय. चकल्या करून ठेवल्यात, पण पान चाळीसवर मी एक शब्द मागे घेणार नाही.

आणि लायब्ररीवाल्यांनो, दहा वर्षांनी पुन्हा यादी काढा. मी शहाऐंशीची असेन. कार्ड रिन्यू करून ठेवलंय.