हरळीशी भांडण

शेजारचे काका साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी दारात शेवंती लावली. दसरा झाला की तिच्या वाफ्यात हरळी माजते. मग काका रोज सकाळी खुरपं घेऊन बसतात आणि हरळीशी भांडतात. "काल उपटली तवा काय सांगितलंतं तुला?" हा आवाज आला की आमच्याकडं चहा ठेवला जातो. मी या गल्लीत येऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी मी अजून पावणंच.

यंदा त्यांना एक युक्ती सुचली. हरळी म्हणजेच गणपतीची दूर्वा. संकष्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी गल्लीभर सांगितलं, "दूर्वा फुकट! फकस्त मुळासकट न्यायची!"

सकाळी बायका आल्या आणि नेहमीसारखे कोवळे शेंडे तेवढे खुडू लागल्या. शेंडे खुडले की हरळी जास्तच फुटते. "अवो, मुळं तशीच ऱ्हायली की!" काका ओरडत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "बाबा, अशी कवळी दूर्वा सबंद गल्लीत न्हाय बघ."

काकांनी खुरपं खाली ठेवलं. मग स्वतःच वाकून तिला जुडी बांधून देऊ लागले.

दुसऱ्या दिवशी शेवंतीचा वाफा साफ होता, पण फाटकाजवळ नव्यानं लावलेल्या हरळीला काका झारीनं पाणी घालत होते.

"काका, हे काय?"

"मग? पुढच्या चतुर्थीला बायकास्नी वाळकी दूर्वा द्यायची व्हय?" ते माझ्यावरच खेकसले.