आत्याच्या अंगातलं मीठ

सासूला मी आत्या म्हणते. आत्यांनी मीठ सोडलं ते मंगळवारी, भर देवळात, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात. माझी लेक तेव्हा लातूरला एका अकॅडमीत राहून पोलीस भरतीची तयारी करत होती. गावाबाहेरच्या देवीपुढं नारळ ठेवून आत्या म्हणाल्या, "माय, माझी नात खाकी घालीस्तोवर मी मिठाचा खडा तोंडात घालणार न्हाई."

बायका म्हणाल्या, लई अवघड नवस बोलली म्हातारी. आत्यांना तेच पाहिजे होतं. घरी येईपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला त्या सांगत आल्या.

भरती महिन्याभरात होईल असं सगळे धरून चालले होते. तेवढे दिवस निघतील असं मलाही वाटलं. मी वरणात मीठ घालायच्या आधी त्यांची वाटी काढून ठेवायची. भाजीही तशीच. ज्वारीच्या भाकरीत आमच्याकडं मीठ नसतंच. ठेचा, लोणचं, पापड त्यांच्या ताटाला शिवायचं नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि मुखेडच्या डॉक्टरांनी मीठ कमी खा म्हणून आधीच सांगितलं होतं. त्यामुळं आमचे मालकही खूश. म्हणाले, "बरं झालं. देवीचंबी काम झालं अन् डॉक्टरचंबी."

मग भरती पुढं ढकलली. नवी तारीख आली, तीही पुढं गेली. ऊन वाढलं. आत्यांचा नवस मात्र ढकलता येत नव्हता, तो भरतीला बांधलेला होता.

लेक सुट्टीला घरी आली. पहाटे ती गावच्या रस्त्यावर आठशे मीटर पळायची आणि परत येऊन बाटलीतलं पाणी घटाघट प्यायची. लिंबू, साखर आणि मीठ घातलेलं. तिच्या सरांनी सांगितलं होतं, घाम गेला की नुसतं पाणी पिऊ नका. आत्या ओसरीवर बसून तिच्याकडं कौतुकानं बघायच्या. लेक बाटली पुढं करून चिडवायची, "आजी, एक घोट घे. देवीला मी सांगत न्हाई."

"हो तिकडं, शिपायीन! आताच लाच द्यायला शिकली."

दोघी खळखळून हसायच्या.

पण हळूहळू आत्यांचं हसणं कमी झालं. जेवण जाईना. मळमळतंय म्हणायच्या. उठताना खांबाला धरायच्या. सगळे म्हणाले, ऊन लागलं, पाणी पाजा. शेजारी माझी थोरली जाऊ राहते, ती माठातलं पाणी तांब्यानं आणून द्यायची. मालक शेतातून आले की पहिलं विचारायचे, "आईनं पाणी पिलं का?" मी पण पाजत होते. लेकही पाजत होती. त्या नको म्हणाल्या तरी आम्ही तांब्या तोंडाला लावायचो. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला पाणी पाजणं हे चुकीचं कसं असेल?

एक दिवस त्यांनी मला विचारलं, "म्हशीला पाणी दावलं का?"

आमच्याकडं म्हैस नाही. होती, ती माझ्या लग्नाच्याही आधी. थोड्या वेळानं त्या मला त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागल्या. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं आणि मध्येच खराटा धरून उभ्या राहिल्या, कशाला आलो ते विसरल्यासारख्या.

जाऊबाई म्हणाली, "हे बाहेरचं हाय. देवळातून येताना काहीतरी लागलं."

मालक म्हणाले, "वय झालं तिचं."

दुसऱ्या सकाळी लेक पळून आली तेव्हा आत्या बाजेवर आडव्या होत्या. लेकीनं हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तू कोणाची गं?"

लेक जागीच रडायला लागली. ज्या नातीसाठी तोंडाची चव सोडली, तिलाच ओळखेनात. मालकांनी जीप बोलावली. मुखेडच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि सांगितलं, नांदेडला न्या. अँब्युलन्समध्ये आत्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्ताभर मी एकच बघत होते, छाती वरखाली होतेय का.

नांदेडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मालकांना बरंच विचारलं. ताप होता का, पडल्या का, गोळ्या कोणत्या. मालकांनी गोळ्यांचं पाकीट दाखवलं. मग तिनं विचारलं, "जेवण कसं आहे?"

"सगळं खाती," मालक म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. ताट पुढं येतं, आई जेवते. त्या ताटात काय नसतं ते त्यांच्या कशाला ध्यानात राहील.

मी मागं भिंतीला लागून उभी होते. बाहेरच्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा मी रडले होते, अजून सगळे त्यावरून चिडवतात. डॉक्टरीण कागदावर लिहायला लागली. आता बोलले नाही तर ती निघून जाईल असं वाटलं आणि मी म्हणाले, "मीठ सोडलंय त्यांनी."

तिनं मान वर केली. "म्हणजे कमी खातात?"

"कमी न्हाई. अजिबात न्हाई. नवस हाय. अन् पाणी लई पाजलंय आम्ही."

ती खुर्ची सोडून माझ्यापाशी आली. किती दिवसांपासून, कशाकशात मीठ नाही, सगळं मलाच विचारलं. मी सांगत गेले.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तिनं आम्हाला बोलावून घेतलं. रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. मालक म्हणाले, "पर मॅडम, पाणी तर कमी पडू दिलं न्हाई."

"तेच झालं ना," ती म्हणाली. "अंगात पाणी आणि मीठ एका मापानं राहतात. मीठ वाढलं की तहान लागते, पाणी पोटात जातं, माप जुळतं. पाणी जास्त झालं की किडनी ते बाहेर टाकते. हे आपल्याला न सांगता रात्रंदिवस चालू असतं. पण या वयात किडनी थोडी थकलेली असते. त्यात त्यांची रक्तदाबाची गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी होती. घामातून मीठ गेलं. आत काही आलं नाही. वरून नुसतं पाणी. आता उरलेलं मीठ त्या पाण्यात पातळ झालं."

"मग येड्यावानी का बोलायल्यात?" लेकीनं विचारलं.

"हरभरे पाण्यात भिजत घातले की काय होतं?"

"फुगतात."

"तसं पाणी मेंदूत शिरतं. मेंदू फुगला की माणूस असं करतं. उतरेल. पण मीठ हळूहळू चढवावं लागतं. घाई केली तर उलटा त्रास होतो."

मला ते लगेच पटलं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की भांड्यात पाणी सुटतं. मीठ असेल तिकडं पाणी जातं, हे मी दर उन्हाळ्यात माझ्या हातानं करत आले आहे. माणसाच्या अंगातही तेच चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेरचं काही नव्हतं आणि वयही नव्हतं. कारण सापडलं होतं, आणि कारण सापडलं की माणूस सापडतं असं मला वाटून गेलं.

सलाईनची बाटली थेंबाथेंबानं चालू होती. नर्स सारखं रक्त तपासायला न्यायची. आत्या झोपून होत्या. मी त्यांचा हात धरून बसले होते आणि लेक पायाशी. सकाळी ऊन खिडकीतून खाटेवर आलं तेव्हा आत्यांनी डोळे उघडले. छताकडं पाहिलं, नळीकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"तू हितं काय करायलीस? आज पळायला गेली न्हाईस का?"

लेक उडी मारून त्यांच्या गळ्यात पडली. मालक बाहेरून चहा घेऊन येत होते, ते दारातच थांबले. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले. आत्या म्हणाल्या, "अगं सोड, नळी निघंल. अन् ह्याला कोणी मारलं का, रडायलाय कामून?" पलीकडच्या खाटेवरची बाई पण हसली.

आनंदाच्या भरात लेक बोलून गेली, "आजी, बाटलीत मिठाचं पाणी हाय. त्यानंच तू शुद्धीवर आलीस."

आत्यांचा चेहरा बदलला. "मिठाचं?" त्यांनी नळीला हात घातला. नर्सनं धरला म्हणून बरं. "माझा नवस मोडलात तुम्ही! कोणाला विचारून?"

डॉक्टरीण आली, समजावू लागली. आत्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, तू शिकलेली हाईस, तुझं खरं असंल. पर देवीला जबान मी दिली, तू न्हाई. हे मी शुद्धीत नसताना झालं, त्याला माझा इलाज न्हाई. आता शुद्धीत हाय."

घरी सोडताना डॉक्टरणीनं गोळी बदलून दिली. मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरात सगळे खातात तेवढं मीठ यांना द्या. वरून नको, पापड-लोणचं बेतानं. पण अळणी ठेवलंत तर पुन्हा हेच होईल, आणि तेव्हा वेळेवर पोचाल असं नाही." ती हे मालकांना नाही, मला सांगत होती.

घरी आल्यावर पहिल्याच ताटाला आत्यांनी वरणाचा घोट घेतला आणि वाटी सरकवली. "मीठ हाय ह्यात."

"हाय," मी म्हणाले.

"न्या."

त्या दिवशी त्या कोरडी भाकर खाऊन झोपल्या. लेकीनं हातापाया पडून पाहिलं. मालक ओरडले, "मरायचंय का तुला?" तर म्हणाल्या, "नातीची नोकरी घालवून जगू का?" जाऊबाई मला परसात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "थोडं थोडं चोरून घालत जा. कणकीत घाल, ताकात घाल. म्हातारीला काय कळतंय."

म्हातारीला पहिल्या घोटात कळलं होतं. आणि फसवून खाऊ घातलं तर त्या पुन्हा माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांना देवीची परवानगी पाहिजे होती. ती दुसऱ्या कुणी आणून चालणार नव्हती. नवस माझ्या लेकीसाठी होता आणि लेकीची आई मी होते.

तोही मंगळवारच होता. मी सकाळी न्हाऊन चूल पेटवली. पिठलं केलं, भाकरी केल्या, मेथीची भाजी केली. घरच्या सगळ्यांसाठी घालते तसं बेतानं मीठ घातलं आणि निवदाचं ताट झाकून एकटीच देवळात गेले. बायका होत्याच. जाऊबाईही होती. ताट देवीपुढं ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सावरला. मनात बोलून भागलं असतं, पण आत्या नवस मोठ्यानं बोलल्या होत्या. म्हणून मीही मोठ्यानं बोलले.

"आई, माझ्या सासूनं तुला मीठ सोडते म्हणून सांगितलं. त्यांनी पाळलं, जीव जायची पाळी येईस्तोवर पाळलं. लेक माझी हाय, तवा नवसाचा भार आता माझ्यावर दे. मिठाच्या बदल्यात मी चहा सोडते. लेक भरती होईस्तोवर घोट घेणार न्हाई. हे मीठ घातलेलं जेवण तुला आणलंय. तू जेव, अन् उरलेलं त्यांना दे."

मागून एक म्हातारी म्हणाली, "लई बेस बोललीस गं बाई." जाऊबाई तोंडावर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. मला चहा किती लागतो ते तिच्याइतकं कुणाला माहीत नाही.

ताट घेऊन मी घरी आले. आत्या बाजेवर बसल्या होत्या. त्यांच्या पुढं ताट ठेवलं. "निवद हाय. देवीपुढून आणलाय."

त्यांनी पिठल्याचा वास घेतला. "मीठ हाय ह्यात?"

"हाय. देवीला अळणी कसं वाढणार? नवस मी माझ्यावर घेतलाय. सगळ्यांच्या देखत."

"तू? सगळ्यांच्या देखत बोललीस?"

"हाव."

"मोठ्यानं?"

"जाऊबाईला विचारा."

बराच वेळ त्या ताटाकडं बघत राहिल्या. देवीचा निवद परत पाठवायचा नसतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. लेक चौकटीला धरून उभी होती. मालक बैलाचं दावं हातात घेऊन तसेच थांबले होते.

"काय म्हणली मग देवी?" आत्यांनी विचारलं.

"काय म्हणायची? जेवली."

आत्या हसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या. दुसरा घास घेतला. तिसरा. मग ताट मांडीवर ओढून घेतलं आणि शेवटचा तुकडा फिरवून पुसून काढला. मी जागची हलले नाही. ते मीठ त्यांच्या पोटात, रक्तात, सगळ्या अंगात आपल्या जागी जाताना मला दिसत होतं जणू.

"ठेचा हाय का जरासा?" त्या म्हणाल्या.

"बोटाला लागेल एवढाच. डॉक्टरणीनं सांगितलंय."

"आता मला तू दम देणार व्हय?"

"देणार," मी म्हणाले, आणि बोटाला लागेल एवढा ठेचा आणून दिला.

मी मोरीत ताट धूत होते तेव्हा गल्लीतली एक बाई दारात येऊन विचारत होती, "काय हो, नवस मोडला म्हणं तुमचा?" आणि आत्यांचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आला, "मोडला कशाचा? आमच्या सुनेनं घेतला! देवीसंगं तोंडानं बोलून आली ती!"