नव्या पाटाची भोकं

आमच्याकडे, काशीदच्या अंगाला, वादळ झालं की किनाऱ्याला लाकूड लागायचं. ओंडके, फळ्या, कुठल्या कुठल्या झाडांची मुळं. ज्यानं आधी पाहिलं त्यानं वर एक दगड ठेवायचा आणि खुशाल घरी जेवायला जायचं. दगड दिसला की दुसरं कुणी हात लावत नसे, मग ते सागाचं का असेना.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, गुडघ्यानं दर्या सोडायला लावला तेव्हापासून ते पडवीत लाकूड तासायची वाकस घेऊन बसत. त्या लाकडाचे पाट करीत, मांडण्या करीत. वाकडं लाकूड सरळ करायचे नाहीत. अलिबागच्या एका वकिलानं नेलेल्या खुर्चीचे दोन हात दोन तऱ्हेचे होते! "दर्यानं वाकवलंय, मी कोन सरळ करनारा?" म्हणायचे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. दिवाळीनंतर अवचित वादळ आलं आणि माझा नवरा आला नाही. सोबतीचा गडी तापानं पडला होता म्हणून लहान होडी घेऊन एकटाच गेला होता.

आमची रीत अशी, की काही सापडेपर्यंत बाईनं कुंकू पुसायचं नाही. म्हणून मी रोज किनाऱ्यावर जायची, लागलेली प्रत्येक फळी उलटून बघायची. सापडू नये म्हणून शोधायची, काय सांगू तुम्हाला! त्याची ती होडी रंगवताना हिरवा रंग संपला होता, तेव्हा शेवटचा दीड हात मी शेजारणीकडचा निळा आणून भरला होता. तो म्हणाला, "लोकं हसतील गो." मी म्हटलं, "हसूदेत. लांबनं मला वळखता येल."

पण मी कितीही लवकर जावं, मामा माझ्या आधी किनाऱ्यावर. गुडघा ओढत चाललेले. शेजारीण म्हणाली, "पोरगा दर्यात नि म्हाताऱ्याला लाकडाची हाव सुटली, बग." मलाही तसंच वाटलं. राग यायचा. एके दिवशी घरी आले ते पाठीवर फळी घेऊन, आणि त्यानंतर मात्र जायचे थांबले.

त्या फळीचा त्यांनी मला पाट करून दिला. इतका गुळगुळीत पाट त्यांनी कधी केला नव्हता. मी त्यावर बसून जेवायची. सासू माझ्या शेजारी रोज त्याचंही ताट वाढायची, आणि ते झाकून ठेवायची. दोन महिने.

संक्रांतीच्या आधी मी भांडीकुंडी घासायला काढली. पाटही राखेनं घासला, पालथा करून उन्हात ठेवला. खिळ्यांची जुनी भोकं होती त्याला. एका भोकात काहीतरी चिकटलं होतं म्हणून काडीनं टोकरलं. हिरवं निघालं. पुढच्या भोकातही हिरवं.

तिसऱ्यात निळं.

पाट उचलून मी पडवीत गेले. त्यांच्यापुढे तो पालथा धरला. मामांनी भोकं पाहिली आणि वाकस खाली ठेवली.

"वरचा रंग सगळा काढला व्हता गो. भोकांचं ध्यानात आलं न्हाय."

"दोन महिनं मला त्यावर बसवलंत, मामा?"

"फळीच तं हाय. फळी सुटली म्हनून मानूस बुडतोच असं हाय का?" मग एकदम चिडून म्हणाले, "दगड मी ठेवला व्हता. लाकूड माझं. त्याचं काय करायचं ते मी बगीन!"

आणि रडायला लागले. एवढा थोराड माणूस, गुडघ्यावर डोकं ठेवून.

मला काय वाटलं ते आज नीट सांगता येत नाही. त्यांच्यावर ओरडावं, की त्यांचे पाय धरावे? दोन महिने त्यांनी माझं कुंकू राखलं होतं, आणि दोन महिने मी खोट्या आशेवर जेवत होते. मी उठले, किनाऱ्यावर गेले, मुठीएवढा दगड घेऊन आले. पाट अंगणाच्या मधोमध ठेवला, भोकं वर करून. आणि दगड त्यावर ठेवला.

"हे लाकूड माझं हाय, मामा," मी म्हटलं.

सासू जेवायला बोलवायला बाहेर आली. तिला पाट दिसला, दगड दिसला. खाली वाकून तिनं त्या तिसऱ्या भोकावरून बोट फिरवलं. आत गेली, आणि त्याचं वाढलेलं ताट उचलून भात परत भांड्यात ओतला.