सीडीवरचा गोल फोटो

ब्रह्मपुरीत सीडी रायटर असलेली घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातलं एक आमचं. माझा मोठा भाऊ त्यामुळे जमिनीपासून जरा वरूनच चालायचा. लग्नांच्या शूटिंगच्या कॅसेटी आणून तो त्यांच्या सीड्या करून द्यायचा. करून द्यायचा म्हणजे कॉम्प्युटरला कामाला लावून स्वतः आडवा व्हायचा. खरं काम त्याच्या मते पुढेच होतं. ते म्हणजे लेबल.

साधा उपाय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता: काळा मार्कर. बाकीचे लोक त्याने सीडीवर नवरानवरीची नावं लिहून गिऱ्हाइकाला वाटेला लावत. दादाला ते धानाच्या पोत्यांवर नंबर टाकल्यासारखं वाटे.

मग सॉफ्टवेअरची निवड सुरू झाली. वहिनी पसंत करतानाही आमच्याकडे इतका घोळ घातला गेला नव्हता. रायटरसोबत आलेल्या प्रोग्राममध्ये तयार नमुने होते. समुद्रकिनारा, सॅक्सोफोन, बर्फावरून घसरणारा माणूस. नागभीडकडच्या लग्नाला यातलं काय शोभलं असतं, देव जाणे. शिवाय त्यात मराठी टाइप केलं की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटे. दुसरा प्रोग्राम मासिकासोबत फुकट आलेला. तो फुकटेपणाला जागून प्रत्येक लेबलवर आडवं स्वतःचंच नाव छापे. शेवटी चित्रं काढायच्या एका प्रोग्रामची चोरीची प्रत मिळाली आणि दादा कलावंत झाला. एका लेबलावर तो अख्खी दुपार घालवी. मंगलाष्टकं मध्येच तुटली आहेत हे मी सांगितलं तर म्हणे, "तू पहिले हा गुलाब पाह्य."

स्टिकरचे कागद चंद्रपूरहून यायचे. ते जरा तिरपे चिकटले की सीडी प्लेयरमध्ये थरथर कापायची. त्यावर दादाने आईचं लाटणं पळवलं. ते उभं धरायचं, त्याच्या वरच्या मुठीवर मधल्या भोकातून स्टिकर ओवायचा, चिकट बाजू वर, आणि वरून सीडी अलगद सोडायची. नेमकी बसे. घरात पोळ्या मात्र काचेच्या बाटलीने लाटल्या जात, आणि कलेसाठी एवढं सोसावं, असं दादाचं म्हणणं होतं.

अशातच तलावातल्या मासेमारीवर जगणाऱ्या एका घरचं लग्न आलं. नवरानवरी लेबलाच्या मधोमध घ्यावी तर सीडीचं भोक बरोबर नवरदेवाच्या नाकावर येई. दादाने ती डावीकडे सरकवली आणि उजवीकडची रिकामी जागा भरायला नवरीचा बाप घेतला. नवं धोतर, खांद्यावर दुपट्टा, चेहऱ्यावर कॅमेऱ्याची भीती. सीडी घेऊन जाताना तो माणूस स्वतःकडेच इतका वेळ पाहत राहिला की दादाची छाती फुगली.

पुढच्या वर्षी तापाचं निमित्त होऊन तो गेला. आम्हाला कळलं ते त्याची बायको आमच्या दारात आली तेव्हा. तिने फडक्यातून सीडी काढून दादापुढे धरली. त्या सीडीतून पलीकडचं दार दिसत होतं.

घडलं होतं ते असं. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तेरवीला हार घालायला फोटो हवा. मग कोणाला तरी लेबल आठवलं. दिराने सीडी गरम पाण्यात भिजवली, नखाने कड उचलली आणि माशाचे खवले काढणाऱ्या सराईत हाताने लेबल न फाडता सोलून काढलं. फोटो छान निघाला. पण स्टिकरच्या पक्क्या डिंकाने सीडीची चांदीही, म्हणजे ज्यात लग्न होतं तो थरच, सोबत ओढून आणली. तीही त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये फोटोमागे नीट बसवली.

"शेजाऱ्याच्या घरी लावाले गेली, त चालतच नाई," ती म्हणाली. "दुसरी काढून दे भाऊ. मांडवातून थे चालत येतेत ना, जाळं वाहून वाहून एक खांदा खाली पडला होता त्याहिचा, तसेच येतेत. मी थेवढंच पाह्यत होती."

दादाने कॉम्प्युटर लावला. लग्न जागा खातं म्हणून त्याने ते कधीच पुसलं होतं. शूटिंगवाल्याने त्या कॅसेटवर केव्हाच दुसऱ्याचं लग्न घेतलं होतं. लेबलं मात्र एकूणएक जपून ठेवलेली होती. मला त्याचा असा राग आला की मी उठून पाणी आणायला गेले. बाईला पाणी तरी द्यावं.

परत आले तेव्हा तो घाईघाईने प्रिंट काढत होता. मोठी, चांगल्या कागदावर. गोल लेबलात त्या माणसाचे पाय कापले गेले होते. मूळ चित्रात ते होते, धोतराखाली, अनवाणी. "पाह्य बाई," दादा म्हणाला, "आता पुरा माणूस दिसून राह्यला."

तिने कागद दोन्ही हातांनी धरला. मग बोट पायांवर ठेवून म्हणाली, "पाय त आले भाऊ. पन चालत नाई थे."

दादा प्रिंटरमधून दुसरा कागद निघायची वाट पाहत उभा राहिला, आणि प्रिंटरला काही दिलेलंच नव्हतं.