हवा वर जाते

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी जुन्या मोटरसायकलचं ब्रेक ऑइल बदलत होतं. तो उग्र वास नाकात गेला आणि मी इतक्या वर्षांनी पुन्हा तशीच चिडले.

तेव्हा दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरसमोर दादाची सेकंडहँड बाइक उभी होती. दुसऱ्या दिवशी तो तिच्यावरून पानिपतला जाणार होता, आणि पुढचा ब्रेक लागतच नव्हता. करोलबागेतून आणलेला जुना कॅलिपर, म्हणजे चाकाच्या चकतीला दोन पॅडमध्ये आवळणारा भाग, त्याने स्वतःच बसवला होता. मी लिव्हर दाबून धरायची, दादाने कॅलिपरचा स्क्रू सैल करून आतली हवा काढायची. अर्धी दुपार गेली, माझ्या बोटांवर वळ उठले, तरी लिव्हर आपली मऊच.

“दादा, स्क्रू खालच्या बाजूला आलाय. हवा तर वर जाते ना? हा कॅलिपर दुसऱ्या बाजूचा असेल.”

“तू फक्त दाब!” दादा खेकसला. “त्याला करू दे गं,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात शेजारचे अंकल चहाचा कप घेऊन आले आणि वाकून म्हणाले, “अरे बेटा, हवा तो ऊपर जाएगी ना!”

“वा, काय डोकं आहे!” बाबा म्हणाले. दादाने लगेच कॅलिपर सोडवला, पॅडच्या मध्ये लाकडाचा तुकडा दिला, स्क्रू वर येईल असा धरला. फसफसत हवा निघाली, लिव्हर टणक झाली.

माझंच वाक्य! मी हिंदीत बोलले असते तर चाललं असतं का?

दादा हा किस्सा अजून रंगवून सांगतो. त्यात मलाही एक वाक्य आहे: “माझा हात दुखतोय.”

ते मी म्हटलंच नव्हतं.