काकवी लावून तपासलेला शाफ्ट

हे आत्ताच सांगून टाकते. एकदा मन शांत झालं की मीच ह्याची गंमत करून सांगत फिरीन, आणि तेच तर मी आधी केलं होतं!

मी मूळची निरवांगीची. बारामतीच्या एमआयडीसीत एका छोट्या ऑफिसात लोखंड तपासायचं काम करते, म्हणजे न कापता, न फोडता आत तडा आहे का ते बघायचं. हातात प्रोब असतो, तो लोखंडात आवाज सोडतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा. वाटेत तडा असला की आवाज आपटून माघारी येतो आणि स्क्रीनवर शेंडा उभा राहतो. फक्त प्रोब आणि लोखंड यांच्यामधे जेल लागतं, नाहीतर आवाज आत शिरतच नाही. मी लेव्हल टू आहे, रिपोर्टवर माझी सही चालते. आता लेव्हल थ्रीची परीक्षा द्यायचीय, ती पास झाली की कसं तपासायचं ते मी लिहून देणार आणि बाकीचे तसं तपासणार.

तर रविवारी दुपारी रूमवर सराव पेपर सोडवत होते. प्रश्न आला, मशीन सेट करताना जे जेल वापरलं तेच कामावर वापरायला पाहिजे, बरोबर की चूक? इतका सोपा! फटकन ‘बरोबर’वर टिक केली, पुढच्या प्रश्नावर गेले, आणि तिथनंच मागं फिरून तो प्रश्न परत वाचला.

कारण दसऱ्याआधी इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात मी शाफ्ट तपासायला गेले होते. ऊस पिळणारा जो अवजड रोल असतो ना, त्याच्या पोटातला शाफ्ट. मशीन बारामतीत जेलवर सेट करून नेलं आणि जेलची बाटली टेबलावरच विसरले! माझे चुलते, तात्या, तिथंच ऑइलमन आहेत. मी रडकुंडीला आलेली बघून त्यांनी जेवणाचा डबा उघडला.

“काकवी लाव की. चिकटती बी चांगली, सांडायची बी न्हाय.”

मी हसले आणि खरंच लावली. स्क्रीन एकदम साफ, कुठं काही नाही. ‘दोष आढळला नाही’ लिहिलं, सही ठोकली, वर काकवीनं माखलेल्या बोटांचा फोटो स्टेटसला टाकला. लोकांनी हसून हसून बेजार केलं. मला लय भारी वाटलेलं तेव्हा.

आणि आता उसाचं गळीत सुरू झालेलं. काकवीनंच निम्मा आवाज गिळला असेल तर? तडा असूनही शेंडा उठला नसेल तर? तो शाफ्ट तुटला तर बाजूला कोण उभं असतं? तेलाचा कॅन घेऊन तात्याच.

लगेच फोन लावला.

“तात्या, मिल चालू आहे का?”

“चालू न्हाय तर काय निजलीय? आवाज ऐक की!”

“जरा लांब उभं राहा ना तुमी तिथनं.”

“आगं, लांबनं तेल घालाय मला काय सोंड हाय का? काय झालंय काय तुला?”

“काय नाही. असंच.”

असंच! मला खरं सांगताच आलं नाही. पुस्तक उघडं होतं, पण पान काही उलटेना.

सोमवारी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. लोखंडी ठोकळ्यावर आधी जेल लावलं, मग घरची काकवी. काकवीत साखरेचे बारीक दाणे धरलेले, प्रोब नीट टेकतच नव्हता. जेलवर उंच गेलेला शेंडा काकवीवर पार निम्म्यावर आला. दोन्हींचे फोटो काढून ठेवले.

परीक्षेच्या फॉर्मवर माझ्या अनुभवाखाली आमचं ऑफिस चालवणाऱ्या सरांची सही लागते. वाटलं, आता गेली ती सही. तरी सगळं सांगितलं. सरांनी ठोकळ्यावर स्वतः प्रोब ठेवून बघितला.

“पेपरात काय उत्तर लिहिलंस?”

“बरोबर लिहिलं, सर.”

“कामावर कुणाला विचारून चूक केलीस मग?”

एवढंच बोलले आणि कारखान्याला फोन लावला. दोन दिवसांनी साफसफाईला मिल थांबणार होती, पण सरांनी ती लगेच थांबवायला लावली. जाताना गाडीत मी जेलची बाटली मांडीवरच धरून बसले. सरांनी दोनदा विचारलं, “बरी आहेस ना?”

शाफ्टचं टोक घासून पुसलं, जेल लावलं, प्रोब ठेवला आणि स्क्रीनवर मधेच एक शेंडा उभा राहिला. तात्या मागंच उभे होते, त्यांच्याकडं बघायचीसुद्धा भीती वाटली. सर पुढं झाले, अंतर मोजलं, शाफ्टचा नकाशा उघडला.

“तडा नाही हा. इथं शाफ्टची जाडी बदलते, त्या पायरीवरनं आवाज येतोय. हा दिसलाच पाहिजे.”

मग आम्ही दुसऱ्या टोकानं बघितलं, प्रोब बदलून बघितलं. कुठंच तडा नव्हता. सुटले! असं वाटलं, पण क्षणभरच. मागच्या रिपोर्टला मी जोडलेल्या स्क्रीनच्या फोटोत ती पायरीसुद्धा नव्हती. स्क्रीन अगदी कोरी, आणि त्या कोरेपणावरच मी खूश झाले होते. म्हणजे तेव्हा मी शाफ्ट तपासलाच नव्हता.

तिथंच नवा रिपोर्ट लिहिला. पहिला धरू नये, असंही त्यात लिहिलं. मग तात्यांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग रोलकडं बघत म्हणाले,

“म्हंजी इतकं दिस मी नुस्ता तुज्या सहीवर हुबा व्हतो व्हय गं?”

परीक्षेला आठ दिवस राहिलेत आणि नापास व्हायची भीती तर आता वाटतच नाही. भीती वाटते ती पास झाल्यावरची, कारण मग माझ्या कागदावर बाकीचे लोक तपासणार. खरं सांगा, अभ्यास करता करता आपलीच जुनी चूक अशी अंगावर आलीय का कधी तुमच्या? आणि ती ज्याच्या जिवावर बेतली असती त्याला तुमी सांगितलंत का?