थोरल्या भावासमोर वाचलेला अर्ज

तहसील कचेरीच्या फाटकाशी, लिंबाखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु जामखेडला असा एकही साहेब आला नाही, ज्याने माझ्या भाषेवर बोट ठेवले. माझी एक पद्धत आहे. लिहिलेला अर्ज मी सहीपूर्वी उभा राहून मोठ्याने वाचतो. ज्याची सही, त्याच्या कानावरून प्रत्येक शब्द गेला पाहिजे.

त्या दिवशी खर्ड्याकडचे दोघे भाऊ आले. दोघेही ऊसतोडीला जाणारे. धाकट्याची मुलगी नगरच्या दवाखान्यात होती. हृदयाचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. ते मोफत होण्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि तो सेतू केंद्रात अडकला होता. साहेबांनी अर्जावर ‘तातडीने’ असा शेरा मारला तरच तो निघणार होता. साहेब बैठकीला निघालेले. जीप फाटकात सुरू करून ठेवलेली.

मी झपाट्याने लिहिले आणि वाचू लागलो, ‘‘अर्जदार हा अत्यंत गरीब व निराधार असून त्यास कोणाचाही आधार नाही...’’

लिंबाला टेकलेला थोरला सरळ झाला.

‘‘कोनाचाच न्हाई? मग मी काय मेलो का रं?’’

‘‘दादा, अर्जात तसं लिव्हावंच लागतं.’’

‘‘तुज्या लेकीला पाठीवर घिऊन फडातनं सडकंपत्तुर कोन पळालं? सांग ह्या रायटरला!’’

एवढे बोलून तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन पाठमोरा बसला. रेशनकार्ड आणि दवाखान्याच्या कागदांची पिशवी त्याच्याच काखेत.

मी धाकट्यास म्हणालो, ‘‘सही करा. हे शब्द असल्याशिवाय अर्ज हलत नाही.’’

त्याने पेन उचलले आणि खाली ठेवले. ‘‘गरीब लिव्हा, लई लिव्हा. पर दादाच्या म्होरं मला बिनमानसाचा करू नगा.’’

‘‘वेळ बघा!’’

‘‘बघतोय की. लेक माझीच हाय.’’

ड्रायव्हरने हॉर्न दिला. खाडाखोडीचा अर्ज आत घेत नाहीत, म्हणून मी नवा कागद ओढला. गरीब आणि निराधार ही माझ्या लेखणीची जुनी बैलजोडी. एकाला सोडले तर दुसरा जागचा हलेना. लिहून झाले तसा मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि कचेरी दणाणेल अशा आवाजात वाचले, ‘‘अर्जदार गरीब आहे. त्याचा थोरला भाऊ त्याच्या पाठीशी उभा आहे. परंतु दोघांचे कष्ट एकत्र केले तरी मुलीच्या ऑपरेशनचा खर्च त्यांच्या ऐपतीबाहेर आहे.’’

टपरीवरच्या माना वळल्या. थोरला आला. भावाकडे न बघता त्याने पिशवी टेबलावर ठेवली. ‘‘घ्या. आन् जरा दमानं वाचा, आख्ख्या बाजाराला कळलं.’’

धाकट्याने सही केली. आम्ही तिघे जीपपाशी पोचलो तेव्हा साहेबांचा एक पाय आत होता. त्यांनी अर्ज वाचला.

‘‘यात निराधार कुठंय? तुमच्या अर्जात तर नेहमी असतं.’’

मी थोरल्याकडे बोट केले. ‘‘साहेब, आधार हा समोर उभा आहे. ऐपत नाही.’’

साहेबांनी थोरल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. त्याने हात जोडले नाहीत. नजरही खाली घातली नाही. साहेबांनी कागद बॉनेटवर ठेवला आणि शेरा मारला.

दोघे सेतूकडे पळाले, थोरला पुढे.

तेव्हापासून ‘निराधार’ लिहिण्यापूर्वी मी पेन थांबवून विचारतो, ‘‘बरोबर कोण आलंय?’’ असे विचारणारा अर्जनवीस तालुक्यात दुसरा नाही.